आधी कोणाचं शेत

दिवसभरातल्या कामांची यादी करावी, तिचे चार कप्पे पाडावेत, तातडीचं आणि महत्त्वाचं वेगळं काढावं, मग एकेक काम हातावेगळं करावं. ही शिकवण आता मराठी घरांत, शाळांच्या शिबिरांत आणि कचेऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांत सगळीकडे पोचली आहे. तिचं मूळ अमेरिकेतलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात एका कॉलेजप्रमुखाचा हवाला देऊन तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांतला फरक सांगितला, आणि स्टीफन कोवी यांच्या १९८९ च्या पुस्तकाने चार कप्प्यांचा तक्ता जगभर नेला. तक्ता उपयोगाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र यादी करणाऱ्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे, हे तक्त्याने गृहीतच धरलं आहे. बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी आणि भोवतीचा अंबाजोगाई-परळीचा मुलूख घेतला, तर तिथल्या हजारेक वर्षांत हे गृहीतक फार थोड्या माणसांच्या बाबतीत खरं ठरतं. या भागात 'आधी काय' हा प्रश्न एकट्याने एकट्यापुरता सोडवायचा कधी नव्हताच. कोणाचं काम आधी व्हायचं आणि कोणी थांबायचं, याचा तो अनेकांमधला निवाडा होता. वेळेच्या नियोजनाचा इथला इतिहास लिहायचा तर त्या निवाड्यांचाच लिहावा लागेल.

धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. अभ्यासक तिथे जातात ते बहुधा बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला, आणि त्या पाहण्यासारख्या आहेतच. पण एवढ्या मोठ्या देवळाचा दिवस चालायचा कसा, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. त्या काळच्या दानलेखांचा साचा ठरलेला असतो. सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये सुरू केलेल्या चालुक्य विक्रम शकाचं वर्ष, संवत्सराचं नाव, महिना, तिथी, वार, आणि संक्रांत किंवा ग्रहण असलं तर तेही. पुढे दान कशासाठी ते येतं: देवाचा अंगभोग आणि रंगभोग, नंदादीप, नैवेद्य, पडझडीची दुरुस्ती. या साच्यात कामाच्या वाटणीची एक पक्की रीत दडलेली आहे. दिव्यासाठी जमीन दिली म्हणजे ती कसणाऱ्याच्या वर्षातलं पहिलं देणं ठरून गेलं, कारण तेल दिवेलागणीच्या आत देवळात पोचलंच पाहिजे. फुलं पुरवणाऱ्याचं काम पूजेच्या आधीचं, वाजवणाऱ्याचं पूजेच्या वेळचं. कोणाला रोज सकाळी उठून काम ठरवावं लागत नव्हतं, जमिनीनेच ते ठरवून टाकलं होतं. पुढे यादवांच्या काळात हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला, त्यात कालनिर्णयाचा भाग आहे. तिथी दोन दिवसांत विभागली गेली तर व्रत कोणत्या दिवशी करायचं, एकाच दिवशी दोन कर्तव्यं आली तर कोणतं आधी, याची चर्चा या परंपरेतले ग्रंथ बारकाईने करतात. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या कारभारात वावरलेल्या मंत्र्याला या प्रश्नावर एवढी शाई खर्चावीशी वाटली, कारण गावोगाव लोकांनी एकाच दिवशी एकच गोष्ट करायची तर तो दिवस कोणीतरी ठरवून द्यायलाच हवा होता.

पूर्वीच्या लोकांना वेळेचं काटेकोर भान नव्हतं, उजाडलं की उठायचं आणि मावळलं की थांबायचं, असा एक आक्षेप यावर येतो. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ मधल्या त्यांच्या गाजलेल्या लेखात साधारण अशीच मांडणी केली: कारखान्यापूर्वीचा माणूस कामाच्या गरजेने चालत होता, घड्याळाची शिस्त त्याच्यावर गिरण्यांनी लादली. इंग्लंडपुरती ती मांडणी वजनदार आहे. आपल्याकडे मात्र काटेकोर मोजणी आधीपासून होती, ती वापरायची कुठे हे निराळं होतं. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर ती अलगद सोडायची. भोकातून पाणी चढत जातं, वाटी काठोकाठ भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. लगेच काढून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि आकडा लक्षात ठेवायचा. अशा साठ घटकांचं एक अहोरात्र, साडेसात घटकांचा एक प्रहर. वाटीपाशी बसलेल्याला डोळा लागून चालत नसे, पुढचा सगळा हिशेब त्या एका चुकीने बिघडायचा. बाबराने आपल्या आत्मवृत्तात ही हिंदुस्तानी पद्धत वर्णन केली आहे आणि स्वतः केलेला एक बदलही नोंदवला आहे. रात्री जागा झालेल्याला घटकेचे ठोके ऐकू आले तरी प्रहर कोणता ते कळत नसे, म्हणून घटकेच्या ठोक्यांनंतर थोडं थांबून प्रहराचे ठोके द्यायला त्याने सांगितलं. लग्नाचा मुहूर्त, देवळाची पूजा, किल्ल्यावरचा पहारा, जिथे अनेकांना एकाच क्षणी हजर राहायचं तिथे ही मोजणी लागे. एकट्या माणसाने एकट्याने करायच्या कामाला ती कोणी लावत नसे. घटका माणसं जुळवण्यासाठी होती, माणसाला हाकण्यासाठी नव्हती, आणि हा फरक मला निर्णायक वाटतो.

शेतीत हा निवाडा सर्वांत अवघड होता आणि सर्वांत कसोशीने केलेलाही. या भागातली काळी जमीन फार मोजका वेळ देते. ओली असली की तिफणीच्या फणांना चिकटून बसते, सुकली की भेगाळते. मधल्या काही दिवसांत ती पेरणीजोगी असते, त्याला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि वरून सोडायचा. पडून फुटला तर वाफसा आहे, तसाच राहिला तर अजून थांबायचं. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं पावसाची, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. त्यांचा उपयोग कॅलेंडरसारखा होई, पण पेरायचं की नाही हे शेवटी माती सांगे. कृषी विभागही आज ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतो. म्हणणं तेच आहे, माप फक्त आकड्यांत आलं. अडचण अशी की वाफसा सगळ्या शिवाराला एकदमच येतो, आणि बैल, तिफणी, माणसं मात्र मोजकी. प्रत्येकाने आपापली यादी करून आपलंच पहिलं ठेवलं असतं तर कोणाचीच पेरणी वेळेत झाली नसती. म्हणून सावड: आज तुझे बैल माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे. म्हणून इर्जिक: सगळ्यांची औतं एकाच्या रानात जायची, दिवसभरात त्याचं काम उरकायचं, आणि घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं. जेवण ही त्यातली शोभेची गोष्ट नव्हती, थांबणाऱ्याने जे सोडलं त्याची ती भरपाई होती. त्याआधी, उन्हाळ्यात, सुतार आणि लोहाराकडेही अशीच दाटी होई. गावभरचे नांगर, वखर आणि तिफणी एकाच महिन्यात दुरुस्तीला यायच्या. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा'त बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा कासांचं वर्णन आहे. सुगीला कोणाला किती वाटा मिळायचा हे त्या कासेवर ठरे. पुस्तक मुंबई इलाख्याच्या अनुभवावरचं असलं तरी बलुत्याची ही रचना मराठवाड्यातही ओळखीची होती. वर्षाची सेवा आधी, मोबदला खळ्यावर. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी रोख मोजून पुढचा नंबर विकत घेण्याची सोय सहजी नव्हती.

इथे खरा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ही सगळी व्यवस्था गुण्यागोविंदाची होती असं म्हणणं म्हणजे इतिहास अर्ध्यावर सोडणं. कोणी थांबायचं हे ठरवताना जात बोलत असे, जमीन बोलत असे, आणि थांबणारे बहुधा तेच ते असत. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं. वर्षभराची बोली एकदा झाली की दिवसाचे तास हा विषयच उरत नसे. गोठ्यापासून रातच्या राखणीपर्यंत मालक सांगेल ते त्या क्षणाचं पहिलं काम. वतनदार महारांची स्थिती याहून बिकट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. दिवस असो वा रात्र, सरकारी बोलावणं आलं की महाराने हजर व्हायचं, तो सापडला नाही तर घरातल्या दुसऱ्याला कामाला जुंपायचं, ही अवस्था त्यांनी सभागृहापुढे ठेवली. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, तिथले कायदे वेगळे, पण वेठबिगारीची रीत तीच. आणि बाईचा दिवस तर कोणत्याच हिशेबात नव्हता. जात्यावर ती बसायची पहाटे, सावडीला शेतात जायची सकाळी, आणि इर्जिकीच्या त्या भरपाईच्या जेवणाचा स्वयंपाकही तीच करायची. एवढं सगळं मान्य केल्यावरही माझा मुद्दा ढळत नाही, उलट घट्टच होतो. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या हुकमतीत आहे त्याला प्राधान्यक्रम शिकवून काही हाती लागत नाही. आंबेडकरांनी आपल्या माणसांना दिनक्रम आखायला शिकवण्यावर ते प्रकरण मिटवलं नाही. वेळेवरचा मालकीहक्कच कायद्याने परत मागितला.

दुसरा आक्षेप असा निघेल की स्वतःचा दिवस स्वतः आखण्याची मराठी परंपराही जुनी आहे. आहे खरी. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त पहाटेच्या उठण्यापासून पुढचा दिनक्रम सांगितला आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांच्याविषयी सांगतात की त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, म्हणजे दिवसाचं माप तासांत न धरता संपलेल्या शाईत धरलेलं. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' आणि लांबलचक कापडावर लिहिलेली पासोडी पाहता त्या आख्यायिकेवर विश्वास ठेवावासा वाटतो. पण रोज तेवढी शाई संपवता येण्यासाठी चूल कोणीतरी पेटवलेली असते आणि रान कोणीतरी कसलेलं असतं. म्हणून एकट्याच्या शिस्तीचं मोल कमी होत नाही. ती शिस्त कोणाच्या वेळेवर उभी आहे एवढंच विचारायचं.

पुढे ट्रॅक्टर आला आणि इर्जिक मागे पडत गेली. आता वाफशाच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्याकडे रांग लागते, तिथे सलग मोठं रान आणि रोख पैसा असलेल्याचा नंबर बहुधा आधी लागतो. विहिरीवरच्या पाळीचंही तसंच झालं. सामायिक विहिरीत भावाभावांत दिवस वाटलेले असायचे, भांडणं व्हायची, पण समोरासमोर. पुढे पाळी महावितरणच्या फीडरवर गेली. शेतीला दिवसा वीज कोणत्या आठवड्यात आणि रात्री कोणत्या, हे वेळापत्रक गावाबाहेर ठरू लागलं, आणि माणसं विंचूकाट्यात, कडाक्याच्या थंडीत रात्री दारं धरू लागली. 'दिवसा वीज द्या' ही शेतकऱ्यांची मागणी आपण ऊर्जेच्या रकान्यात टाकतो. खरं तर ती वेळेच्या वाटपाची मागणी आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्या निवाड्याचा एक नवा प्रयत्न आहे.

या मुलखातून दर हिवाळ्याला निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांपुढे हा प्रश्न सगळ्यांत तीव्र आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा हंगाम. तोडलेल्या उसाचा उतारा तासागणिक घसरतो, म्हणून कारखान्याला तो लवकरात लवकर गव्हाणीत हवा असतो. गाडी येईल ती वेळ भरणीची, मग रात्रीचा दीड का वाजलेला असेना. बाईचा दिवस त्याआधीच, पहाटे तीन-चारला पाणी आणि भाकरीपासून सुरू झालेला असतो. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून अंगावर येतो. इथे तातडीचं काय हे साखर ठरवते, आणि महत्त्वाचं काय हे विचारायला जागाच नसते. मजुरीच्या दरावर संप होतात, वाटाघाटी होतात, दर वाढतो, आणि तो वाढलाच पाहिजे. त्याच बैठकीत, त्याच जोराने, भरणीच्या वेळा, सुट्टीचा दिवस आणि खाड्याची वसुली हेही विषय यायला हवेत. उसाला थांबता येत नसेल तर टोळ्यांच्या पाळ्या लावता येतात, गाड्यांच्या वेळा आधी कळवता येतात, आणि थांबणाऱ्याला भरपाई देता येते. वाफशाच्या चार दिवसांत अख्ख्या शिवाराची पेरणी उरकणाऱ्या गावांना हे गणित नवं नाही. फरक इतकाच की सावडीच्या बोलीला दोन्ही बाजू हजर असत, आणि साखरेच्या बोलीत कोयत्याला अजून तशी जागा मिळालेली नाही.