छपरावरचे वज्र : निवडुंगाच्या दुधाचा इतिहास आणि आपल्या घरातील कुंडी

१/ केरा आणि कोयना यांच्या संगमावरचे पाटण. आषाढसरी सुरू झाल्या की इथल्या अंगणातील बहुतेक झाडे तरारतात. एक मात्र बुडाशी मऊ पडून कुजू लागते. काटेरी खोडाचे, लाल-गुलाबी चिमुकल्या फुलांचे, रोपवाटिकेतून ‘युफोर्बिया’ म्हणून आणलेले. ते वाचवण्यासाठी कोणीतरी कात्री घेते, आणि खोडातून पांढरे दूध ठिबकते. आजचा धागा या दुधाविषयी.

२/ हे नाव दोन हजार वर्षांचे जुने आहे. उत्तर आफ्रिकेतील मॉरेटेनियाचा राजा जुबा दुसरा याने अ‍ॅटलास पर्वतावरील एका चिकाळ झाडाला आपल्या वैद्याचे, युफोर्बसचे नाव दिले. या वैद्याचा भाऊ अँटोनियस म्यूसा हा रोमन सम्राट ऑगस्टसचा वैद्य. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तेच नाव संपूर्ण प्रजातीला कायम केले.

३/ रोमन ग्रंथकार प्लिनीने या झाडाचा चीक गोळा करण्याची रीत नोंदवली आहे. झाडाजवळ जायचे नाही. लांब काठीने दुरूनच खोडाला चीर पाडायची आणि चीक करडाच्या पोटाच्या पिशवीत धरायचा. म्हणजे या वनस्पतीच्या नावाबरोबरच ‘अंतर राखा’ हा इशाराही इतिहासात दाखल झाला.

४/ आपल्याकडे या कुळातील निवडुंगाला संस्कृतात ‘स्नुही’ आणि ‘सुधा’ म्हणतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधेवर स्वतंत्र अध्याय आहे. रेचक द्रव्यांत चरक तिला सर्वांत तीक्ष्ण मानतो. दोन-तीन वर्षांच्या झाडाचे दूध शिशिराच्या अखेरीस शस्त्राने चीर देऊन घ्यावे, असे तो सांगतो. आणि चुकीच्या वापराने ते घातक ठरते, हेही तितक्याच स्पष्टपणे बजावतो.

५/ याच दुधाचा एक उपयोग आजही रुग्णालयांत होतो. भगंदरावरील ‘क्षारसूत्र’ तयार करताना धाग्याला एकूण २१ लेप देतात : आधी ११ लेप केवळ स्नुहीच्या दुधाचे, मग ७ दूध व आघाड्याच्या क्षाराचे, शेवटी ३ दूध व हळदीचे. मांस हळूहळू कापत जाणारा हा धागा आहे. जे दूध उती कापण्यासाठी निवडले गेले, ते डोळ्यात गेल्यावर काय करील, हे निराळे सांगायला नको.

६/ १६७५ साली कोचीन येथे रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांनी नागरी लिपीत एक प्रमाणपत्र लिहिले. डच अधिकारी व्हान रीड याच्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथासाठी आपण वनस्पतींची माहिती दिली, अशी ती साक्ष होती. याच ग्रंथात ‘तिरुकळ्ळी’ हे झाड येते. लिनियसने ते मल्याळी नाव तसेच उचलले. आपण त्याला ‘शेर’ म्हणतो.

७/ शेर मूळचा आफ्रिकेतला. पण दख्खनच्या बांधांवर तो इतका रुळला की परका वाटत नाही. कारण साधे आहे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, आणि फांदी रोवली की कुंपण उभे राहते. मात्र शेराची छाटणी करणाऱ्याच्या डोळ्यात उडालेला चीक काही काळ दृष्टी हिरावू शकतो. जे दूध जनावराला रोखते, ते मालकालाही ओळखत नाही.

८/ निवडुंग कुंडीत लावण्याची हौसही आजची नव्हे. १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त मुंबईचे विल्यम डायमॉक व त्यांचे सहकारी नोंदवतात की लोक हे झाड छपरावर उघड्या जागी ठेवतात, त्याने वीज घरावर पडत नाही, अशी समजूत होती. स्नुहीचे एक नाव ‘वज्र’ आहे. इंद्राचे आयुध म्हणजे वज्र. विजेला वीजच राखण बसवली!

९/ समजूत खोटी असली तरी तिने एक शहाणपण साधले. झाड छपरावर राहिले : ऊन भरपूर, पोरांच्या हातापासून दूर, गुरांच्या तोंडापासून दूर. आपण ते खाली उतरवून दिवाणखान्याच्या खिडकीत आणले. समजूत सोडली हे बरे झाले. पण तिच्याबरोबर अंतरही सुटले.

१०/ खिडकीतले काटेरी झाड मूळचे मादागास्करचे. बूर्बाँ (आजचे रेयुनियाँ) बेटाचा गव्हर्नर मिलियस याने ते १८२१ मध्ये फ्रान्सला नेले, म्हणून ते ‘युफोर्बिया मिली’. नाताळात लाल पानांनी बहरणारी पानचेटी मेक्सिकोची. अमेरिकेचा तेथील दूत जोएल पॉइन्सेट याच्यामुळे ती जगभर ‘पॉइन्सेटिया’ झाली.

११/ पानचेटीच्या वाट्याला मात्र अकारण बदनामी आली. १९१९ मध्ये हवाई बेटांवर तिचे पान खाऊन एक मूल दगावल्याची बातमी पसरली. पुढे ती ऐकीव ठरली. १९९६ मध्ये अमेरिकेत अशा २२,७९३ घटनांची नोंद तपासली गेली. एकही मृत्यू नव्हता, आणि ९२ टक्क्यांहून अधिक जणांना काहीच त्रास झाला नव्हता. म्हणजे एकाच कुळात शेरासारखे दाहक आणि पानचेटीसारखे सौम्य, दोन्ही नांदतात. भीतीसुद्धा झाड पाहून बाळगावी.

१२/ आणखी एक घोटाळा भाषेचा. काटेरी, मांसल झाड दिसले की आपण त्याला ‘निवडुंग’ म्हणतो. पण फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस आहे. त्याचा रस पाणचट. युफोर्बियाचे दूध पांढरे. संशय आला तर सुईने किंचित टोचून, हात न लावता पाहावे. पांढरा थेंब दिसला की सावध.

१३/ आता आषाढातील त्या कुंडीकडे. कोयनानगरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे झाड कोरड्या मुलखाचे. म्हणून पावसाआधीच कुंडी वळचणीखाली पण उजेडात हलवावी, मातीत निम्मी भरड वाळू घालावी, आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. कूज टळली तर कात्री लागत नाही. कात्री लागली नाही तर दूध उडत नाही. या झाडाची निगा आणि आपली सुरक्षितता एकच आहे.

१४/ छाटावेच लागले तर हातमोजे आणि चष्मा घालावा. मुले जवळ नसावीत. कापलेल्या जागी पाणी शिंपडले की चीक थांबतो. कलम आठवडाभर सावलीत सुकवून मग लावावे. छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत, धूरही झोंबतो. चीक राळयुक्त असल्याने कातडीवरून तो नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो.

१५/ डोळ्यात गेलाच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. वेदना काही तासांनी वाढते, म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये. तूप, दूध, मध असले घरगुती उपाय डोळ्यात घालू नयेत. फांदीचा तुकडा सोबत न्यावा, पिशवीत बांधून.

१६/ प्लिनीची लांब काठी, चरकाची ताकीद, छपरावरचे वज्र : तीन काळ, तीन भाषा, पण सांगणे एकच. हे झाड घरात जरूर असावे. त्याच्याइतके कमी मागणारे आणि वर्षभर फुलणारे झाड विरळा. फक्त त्याच्या दुधाचा मान राखावा. यंदा पावसापूर्वी आपली कुंडी एकदा पाहून घ्यावी.

(समाप्त)