झोमसाहेब, बजाजसाहेब आणि 'रिपोर्ट' बटण

लाँचच्या आधी लीगलवाल्यांची मीटिंग असते, तेव्हा आम्हा डेव्हलपर मंडळींचं निम्मं लक्ष लॅपटॉपमध्ये असतं. अमेरिकेत हे चालेल, जर्मनीत तक्रारीचा फॉर्म वेगळा हवा, भारतात अमुक तासांत पोस्ट उतरलीच पाहिजे... कोड एकच, अटी मात्र देशागणिक निराळ्या. हे असं का, याच्या मागे लागलो आणि त्यात दोन-तीन वीकेंड गेले. निघालं ते असं, की या कायद्यांच्या मुळाशी तत्त्वज्ञान कमी आणि एखादी जुनी केस जास्त आहे. आपल्याकडे कसं, प्रॉडक्शनमध्ये बग फुटला की घाईत पॅच मारतात आणि पुढची दहा वर्षं सगळं त्या पॅचभोवती बांधलं जातं? अगदी तसंच.

सुरुवात अमेरिकेपासून. डायल-अपचा जमाना. कॉम्प्युसर्व्ह, प्रॉडिजी या सेवांचे वर्गणीदार त्यांच्या बुलेटिन बोर्डांवर लिहायचे. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्हवर बदनामीचा खटला झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की हे पुस्तकाच्या दुकानदारासारखे, प्रत्येक पान वाचून विकत नाहीत, सोडा यांना. मग १९९४ मध्ये प्रॉडिजीच्या 'मनी टॉक' बोर्डवर कुणा अनामिकाने स्ट्रॅटन ओकमाँट या ब्रोकर कंपनीवर फसवणुकीचे आरोप केले. कंपनीने प्रॉडिजीवर २० कोटी डॉलर्सचा दावा ठोकला. आता प्रॉडिजी बिचारी शिव्या गाळणारं सॉफ्टवेअर वापरायची, बोर्डावर लक्ष ठेवायला माणसंही होती. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कोर्टाने म्हटलं, तुम्ही चाळणी लावता ना? मग तुम्ही प्रकाशक, जबाबदारी तुमची!

म्हणजे झाडू मारणारा अडकला आणि घाण तशीच ठेवणारा सुटला. (ही स्ट्रॅटन ओकमाँट म्हणजे 'वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' सिनेमातली कंपनी. तिच्या जॉर्डन बेलफर्टने १९९९ मध्ये गुन्हा कबूल केला. अनामिकाला आलेला वास अगदीच खोटा नव्हता तर!)

यावरचा पॅच म्हणजे १९९६ चं प्रसिद्ध कलम २३०. कॉक्स आणि वायडन, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक तुम्हाला मानणार नाही, आणि चांगल्या हेतूने काही काढलंत तरी त्याबद्दल धरणार नाही. कॉपीराइट आणि फेडरल गुन्हे तेवढे बाहेर. पुढच्याच वर्षी एओएलवरच्या झेरान खटल्यात वरच्या कोर्टाने याचा अर्थ आणखी ताणला. तक्रार कळवूनही मजकूर राहिला, तरी एओएल जबाबदार नाही. माझ्या मते इथे पॅच मूळ बगपेक्षा फार मोठा झाला. असो.

याच काळात तिकडे जर्मनीत वेगळंच चाललं होतं. फेलिक्स झोम हे कॉम्प्युसर्व्हच्या जर्मन शाखेचे प्रमुख. १९९५ च्या शेवटी म्युनिकच्या पोलिसांनी आक्षेपार्ह न्यूजग्रुपांची यादी दिली. एका देशापुरते ते बंद करायची सोयच नव्हती, म्हणून कॉम्प्युसर्व्हने दोनशेच्या वर ग्रुप जगभरातल्या सगळ्याच वर्गणीदारांना बंद केले, आणि नंतर त्यातले बहुतेक पुन्हा उघडले. सर्व्हर अमेरिकेत, झोमसाहेबांच्या हातात काही नाही. तरीही मे १९९८ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने त्यांना दोन वर्षांची (स्थगित) शिक्षा दिली. गंमत म्हणजे सरकारी वकिलानेच निर्दोष सोडा म्हणून सांगितलं होतं! नोव्हेंबर १९९९ मध्ये अपिलात ते सुटले.

२००० च्या युरोपियन ई-कॉमर्स निर्देशाने मग स्पष्टच लिहिलं, की मजकूर नुसता ठेवून घेणाऱ्याला बेकायदेशीर गोष्ट माहीत झाल्यावर ती लगेच काढावी लागेल, पण सगळ्यावर सतत पाळत ठेवायची सक्ती करता येणार नाही. पुढे युरोपने कडक व्हायचं ठरवलं तेव्हाही रोख कंपनीच्या खिशावरच ठेवला. जर्मनीच्या २०१७ च्या कायद्यात ५ कोटी युरोंपर्यंत दंड, २०२२ च्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत.

आता आपल्याकडे या. शनिवार, २७ नोव्हेंबर २००४. मुंबईच्या बाझी डॉट कॉमवर कुणीतरी अल्पवयीन मुलांची अश्लील क्लिप विकायला ठेवली. साइटवर फिल्टर होता, त्यातून ती निसटली. त्याच संध्याकाळी एका युजरने तक्रारही केली. लिस्टिंग उतरलं सोमवारी सकाळी, तोवर आठ प्रती गेल्या होत्या. वीकेंड सपोर्ट म्हणजे काय ते आपल्या फिल्डमधल्या कुणालाही समजावून सांगायला नको. सीईओ अवनीश बजाज तपासात मदत करायला दिल्लीला गेले, तर १७ डिसेंबरला त्यांनाच अटक! चार दिवसांनी हायकोर्टाने जामीन दिला. तेव्हाचं कलम ७९ असं होतं, की मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्हीच सिद्ध करायचं. केस मिटायला २०१२ उजाडलं. तीही कशावर, तर कंपनीला आरोपी केलंच नव्हतं या मुद्द्यावर.

पॅच आला डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ नंतरच्या गदारोळात. कलम ७९ सुधारलं, पण त्याच दुरुस्तीत ६६-अ सुद्धा आलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली ते याच कलमाखाली. त्यातून पेटलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ६६-अ रद्द केलं आणि ७९ चा अर्थही लावला, की कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आली तरच साइटला 'माहीत झालं' असं धरायचं. उत्तम निकाल.

पण 'धरायचं कुणाला?' हा बाझीच्या वेळचा प्रश्न गेला नाही. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून जास्त युजर असलेल्या साइटला एक मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला सांगितलं. तो भारतातच राहणारा हवा, वरिष्ठ हवा, आणि कंपनीने पुरेशी काळजी घेतली नाही तर खटल्यात जबाबदार तो. म्हणजे अटक करता येईल असा माणूस कंपनीने स्वतःच नाव-पत्त्यासह द्यायचा. त्याच वर्षी गाझियाबाद पोलिसांनी एका व्हायरल व्हिडिओवरून ट्विटरच्या भारतातल्या प्रमुखांना नोटीस काढली, ती कर्नाटक हायकोर्टाने रद्द केली.

आता तुम्ही म्हणाल, बड्या कंपन्यांना थोडा धाक हवाच. हवा ना! पण दंड भरायचा असेल तर कंपनी हिशोब करते, वकील लावते, भांडते. स्वतः कोठडीत जायची वेळ आली तर माणूस भांडत बसत नाही, पोस्ट काढून मोकळा होतो. आणि ज्याची पोस्ट गेली, त्याला बरेचदा कारणही कळत नाही.