दहा हजार वार सूत

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावी राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. अनगोळच्या रहिवाशांना ही हकीकत नव्याने सांगण्याचे कारण नाही. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आणि वीरसौध आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. परंतु त्या अधिवेशनातील एका ठरावाचा उल्लेख आता फारसा कोणी करीत नाही. सभेच्या सभासदाने वर्गणी पैशांत न देता सुतात द्यावी, दरमहा दोन हजार वार हातसूत द्यावे, असा करार बेळगावी मान्य झाला. स्वतः कातणे ज्याला जमत नसेल त्याने दुसऱ्याकडून कातून घेऊन ते द्यावे, एवढी सवलत होती. मात्र सूत चांगले व सारख्या जाडीचे असले पाहिजे, ही अट त्यात होती. पुढल्याच वर्षी ही सक्ती सैल झाली. त्या वर्गणीच्या राजकारणाचा विचार येथे कर्तव्य नाही. आपल्याला हवे आहे ते त्या अटीतले मर्म. सूत कुठे जाड, कुठे बारीक असेल तर ते मागावर तुटते, कापडात गाठी धरते आणि धुण्यात आधी तेथेच विरते. कापडाचा गुण विणकराच्या हाती येण्यापूर्वीच सुतात ठरलेला असतो, हे त्या अटीने गृहीत धरले होते.

ही गोष्ट आठवण्याचे निमित्त क्षुल्लक आहे. घरातील तरुण मुलगा बाजारातून टी-शर्ट आणतो. दोन धुण्यांत त्याचा गळा सैल पडतो, बगलेखालची शिवण वळून पोटावर येते आणि अंगावर बारीक गोळे धरतात. तेवढ्याच किमतीचा दुसरा टी-शर्ट चार वर्षे टिकतो. हे नशिबाचे खेळ आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्यामागे कारणे आहेत, आणि त्या कारणांचा इतिहास आपल्या परिसराशी जोडलेला आहे.

प्रथम थोडे गणित. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. तीस नंबरी सुताच्या एका पौंडात २५,२०० वार सूत भरते. मध्यम आकाराच्या टी-शर्टाचे वजन १८० ग्रॅम धरले, तर त्यात दहा हजार वार सूत असते, म्हणजे नऊ किलोमीटरांहून अधिक. बेळगावच्या ठरावाप्रमाणे ही एका सभासदाची पाच महिन्यांची वर्गणी झाली. इतक्या लांबीच्या सुतात एकसारखेपणा राखणे हेच टी-शर्टाच्या गुणाचे पहिले रहस्य आहे.

आता या वस्त्राची कुळकथा. आपल्याकडील पुरुषांची अंगवस्त्रे, म्हणजे बाराबंदी, बंडी, कोपरी, पैरण, सदरा, ही सारी मागावरच्या कापडाची. मागावरचे कापड ताणा आणि बाणा यांच्या काटकोनात घट्ट बसलेले असल्यामुळे अंगाबरोबर ताणत नाही. म्हणून त्याला बंद हवेत, बटणे हवीत, बगलेत चौकोनी तुकडा हवा. टी-शर्टाची जात निराळी आहे. तो घरी स्वेटर विणतात त्या रीतीने, एकाच धाग्याचे टाके एकमेकांत गुंफून होतो. मराठीत या दोन्ही कलांना आपण विणकामच म्हणतो, त्यामुळे भेद लक्षात राहत नाही. सुयांच्या या विणकामाचे पहिले यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडात मोजे विणण्यासाठी केले. इंग्लिश खाडीतील जर्सी आणि गर्न्सी या बेटांवरील कोळ्यांचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. जर्सी हा शब्द तेथूनच आला, आणि आपल्या आजोबांच्या तोंडचा गंजिफ्रॉक म्हणजे गर्न्सीच्याच फ्रॉकचे मराठी रूप. अमेरिकी नौदलाने १९१३ च्या सुमारास खलाशांना आतून घालण्यासाठी असा बिनबटणांचा सुती सदरा दिला. १९५१ च्या एका गाजलेल्या चित्रपटात मार्लन ब्रँडोने तो उघडपणे अंगावर मिरविला, आणि आतले वस्त्र बाहेरचे झाले. आपल्या देशात हा उद्योग आधी बंगालमध्ये आणि पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळनाडूतील तिरुपूर येथे रुजला. बेळगावच्या दुकानांत आज दिसणारे अनेक टी-शर्ट तिरुपूरचे असतात.

विणकाम तिकडे गेले तरी कापसाची कथा आपल्या दाराशीच आहे. धारवाड प्रांतात कुमठा बंदराच्या नावाने ओळखला जाणारा देशी कापूस पिके. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने तेथे अमेरिकन जातीचा कापूस आणि करवती दात्यांचे सरकी काढण्याचे यंत्र आणले. या यंत्राने काम झपाट्याने होई. पण ते नीट न चालविल्यास तंतू तुटत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भावाबरोबर भेसळही आली. चांगल्या कापसात आखूड कापूस, सरकी, माती मिसळून गाठी बांधल्या जाऊ लागल्या, तेव्हा मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. ग्राहकाच्या डोळ्यांआड गुण कसा घसरतो, याचा हा आपल्या मुलखातील जुना दाखला.

तंतू लांब असेल तर कमी पिळातही सूत मजबूत राहते. आखूड असेल तर तंतूंची टोके बाहेर डोकावतात आणि घर्षणाने त्यांचे गोळे होतात. १९७२ मध्ये धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कातर्की यांनी वरलक्ष्मी हा दोन भिन्न जातींचा संकर सिद्ध केला. त्यापाठोपाठ १९८१ मध्ये धारवाडचाच डीसीएच-३२ आला. अतिशय तलम सूत देणारा लांब तंतूचा कापूस या वाणांमुळे देशात पिकू लागला. २००२ नंतर बीटी वाणांचा प्रसार झाला, मध्यम व लांब तंतूच्या कापसाने बहुतेक शेते व्यापली, आणि अतिलांब तंतूचा कापूस आज आपल्याला मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावा लागतो. दुकानदार ज्याला मोठ्या अभिमानाने इजिप्तचा किंवा पिमा कापूस म्हणतो, त्याच तोडीचा कापूस एकेकाळी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पिकत होता.

कापसानंतर कताई. घटप्रभेच्या धबधब्यावर १८८० च्या दशकात गोकाकची सूतगिरणी उभी राहिली, तेव्हापासून या भागाला यंत्रावरचे सूत परिचित आहे. कातण्यापूर्वी कापूस पिंजून त्याचा पेळू करतात. चांगल्या सुतासाठी हा पेळू पुन्हा बारीक दात्यांच्या फण्यांनी विंचरतात. या विंचरणीत शंभर किलोंमागे पंधरा ते अठरा किलो आखूड तंतू गळून जातात. बाजारात ज्याला कोम्ब्ड म्हणतात ते हेच सूत. ते महाग असते, कारण तेवढा कापूस त्यातून कमी झालेला असतो. न विंचरलेले सूत स्वस्त, पण केसाळ. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात चातीविना, पोकळ चाकात सूत कातण्याची ओपन एंड पद्धत आली. तिने वेग कित्येक पटींनी वाढला, परंतु ते सूत हाताला खरखरीत लागते. पिळाचाही हिशेब आहे. मागाच्या ताण्याला जितका पीळ लागतो तितका टी-शर्टाच्या सुताला चालत नाही. पीळ जास्त झाला की टाके एका अंगाला झुकतात, आणि धुतल्यावर बगलेखालची शिवण फिरून पुढे येते. आपण शिंप्याला दोष देतो. चूक बहुधा सुतात किंवा ते नीट न आटविण्यात असते.

पुढची पायरी विणण्याची. स्वेटर विणणाऱ्या गृहिणींना सुलट आणि उलट टाक्यांचा फरक सांगायला नको. साध्या टी-शर्टाच्या दर्शनी बाजूस सारे सुलट टाके असतात, तर गळ्याच्या पट्टीत सुलट-उलट आळीपाळीने येतात, म्हणून ती पट्टी ताणून पुन्हा जागेवर येते. कारखानदाराला येथे सूत वाचविता येते. टाके मोठे सोडले की त्याच सुतात जास्त कापड निघते. ते दुकानात मऊ व हलके वाटते आणि पहिल्या धुण्यात आटते. कापडाचे वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात. १४० ते १६० ग्रॅमचे कापड उन्हाळ्याला बरे, १८० च्या आसपासचे रोजच्या वापरास टिकाऊ, आणि गळपट्टीच्या टी-शर्टाचे जाळीदार कापड २०० च्या वर. नुसते वजनही फसवे असू शकते, कारण जाड्याभरड्या सुताचे सैल कापडही वजनाला भरते.

रंगाचे सांगायचे तर १९५६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात आणले, आणि सुती कापडाचा रंग पक्का झाला. मात्र तो पक्का होण्यासाठी न चिकटलेला रंग पुनःपुन्हा धुऊन काढावा लागतो, आणि त्याला पाणी लागते. ते पाणी कोठे जाते, हा प्रश्न तिरुपूरच्या नोय्यल नदीने विचारला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील रंगकाम बंद पडले आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सक्ती झाली. शेवटच्या धुण्यात जो कसर करतो त्याचा टी-शर्ट आपल्या बादलीत रंग सोडतो. आणि जो सांडपाण्यात कसर करतो त्याची किंमत नदीकाठचा शेतकरी मोजतो.

अखेरीस कापणी व शिवण. विणलेले कापड गुंडाळीतून सोडल्यावर निदान रात्रभर मोकळे पडू द्यावे लागते, म्हणजे त्यातील ताण निघतो. घाईत कापलेला टी-शर्ट अंगावर आल्यावर ताण सोडतो आणि आखूड होतो. खांद्याच्या शिवणीत आतून पट्टी आहे का, मागच्या गळ्यावर फीत आहे का, खालची दुमड दुहेरी शिवणीची आहे का, या तीन गोष्टींवरून कारखान्याची नियत कळते. त्या प्रत्येकीचा खर्च थोडा असतो, म्हणूनच त्या आधी गाळल्या जातात.

माझ्या लहानपणी शहापूरच्या खडेबाजारात कापड घेताना वडीलधारी माणसे ते अंगठ्याखाली चोळून खळ किती आहे ते पाहत, उजेडाकडे धरीत, कडेचा एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडीत. टेरिकॉटचे दिवस आल्यावर तो धागा काडीवर जाळून पाहण्याची रीत पडली. राख झाली तर कापूस, काळा मणी झाला तर कृत्रिम तंतू. हे ज्ञान कोणी शाळेत दिले नव्हते. शहापूर हे सांगली संस्थानचे विणकरांचे गाव. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांत मागांचा आवाज दिवसभर चाले, शहापुरी लुगडी दूरदूर जात, आणि शेजारी विणकर असल्यामुळे गिऱ्हाइकाला सुताची भाषा येत होती. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला. पुढे आपल्याकडेही हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. २०२० च्या टाळेबंदीत वडगाव परिसरातील विणकरांची तयार लुगडी घरांतच पडून राहिली, आणि अनेक घरांतील पुढच्या पिढीने मागाकडे पाठ फिरविली. माग थांबला की केवळ रोजगार जात नाही. सूत ओळखणारी नजरही त्या गल्लीतून जाते. ती नजर गेली म्हणूनच भलते कापड खपते.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांबरोबर दुकानात गेल्यावर टी-शर्ट उलटा करून पाहावा. टाक्यांच्या उभ्या रेघा बगलेच्या शिवणीला समांतर आहेत की तिरक्या, ते तपासावे. गळ्याची पट्टी ताणून सोडावी. उजेडाकडे धरून सूत सारखे आहे की ढगाळ, ते न्याहाळावे. हे करताना मुलगा कंटाळेल, दुकानदार त्रासेल. तरीही करावे, आणि का करतो ते मुलाला मराठीत, पीळ, पोत, खळ, टाका या शब्दांत सांगावे. शंभर वर्षांपूर्वी या गावात देशभरातील माणसांनी चांगल्या, सारख्या सुताची अट मान्य केली होती. ती अट पाळण्याचे काम आता कातणाऱ्याइतकेच घेणाऱ्याकडेही आले आहे.