बालाघाटचे मुसलमान : कुळ, धंदा आणि धर्म

सातपुड्याच्या डोंगररांगांत आणि वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलेला बालाघाट जिल्हा ब्रिटिशांनी 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून निर्माण केला, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा तो मध्य प्रदेशातच राहिला. गोंड, बैगा, पोवार, लोधी, मरार यांच्या या मुलखात मुसलमानांची संख्या नेहमीच थोडी होती. तरीही येथील मुसलमानांची ओळख कशी घडली हे समजून घ्यायचे तर आरंभ एका राजघराण्यापासून करावा लागतो.

अठराव्या शतकाच्या आरंभी वैनगंगेच्या पश्चिमेचा प्रदेश देवगडच्या गोंड राज्यात, तर पूर्वेचा प्रदेश गढा-मंडल्याच्या राज्यात मोडत असे. देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील एका राजपुत्राने 1686 च्या सुमारास, गादीच्या तंट्यात औरंगजेबाचा पाठिंबा मिळवण्यासाठी, इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद हे नाव धारण केले. पुढे त्याच बादशहाविरुद्ध त्याने बंड केले, यावरून धर्मांतराचा आणि दिल्लीच्या निष्ठेचा संबंध किती सैल होता हे दिसते. 1702 साली नागपूरचा पाया घालणाऱ्या या राजाने हिंदू व मुसलमान कारागीर आणि शेतकरी आपल्या राज्यात वसवले. आज बालाघाटातील प्रमुख शेतकरी समाज असलेल्या पोवारांच्या परंपरेतही वैनगंगेच्या खोऱ्यातील त्यांच्या आगमनाचा संबंध त्याच्याच काळाशी जोडला जातो.

येथे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. सामान्यतः अल्पसंख्याकांचा विचार करताना सत्ता बहुसंख्याकांची असते असे गृहीत धरले जाते. देवगडात मात्र राजाच धर्माने अल्पसंख्य होता आणि कुळाने प्रजेतील एका मोठ्या समाजाचा. या घराण्याने गोंड कुळांशी सोयरीक चालू ठेवली, आणि त्यामुळे मुसलमान होऊनही गोंड समाजातील त्याचा मान टिकला. बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याच्या विधवा राणीचे नाव रतनकुंवर होते. पतीच्या मृत्यूनंतर गादी बळकावली गेली तेव्हा तिनेच मराठा सरदार रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले, आणि तिचे पुत्र बुऱ्हाण शाह व अकबर शाह या नावांनी ओळखले जात. एकाच घरातील ही नावे त्या मिश्र ओळखीचा सर्वांत बोलका पुरावा मानावी लागतील. 1743 मध्ये सत्ता भोसल्यांकडे गेली, तरी बुऱ्हाण शाहास नामधारी राजा म्हणून तनखा मिळत राहिला आणि त्याचे वंशज नागपुरात राजा ही पदवी लावीत राहिले.

सामान्य मुसलमानांच्या बाबतीत कुळाची जागा धंद्याने घेतली होती. कापूस पिंजणारे पिंजारी, ज्यांना या भागात बहना किंवा धुनिया असेही म्हणत, ही बिरादरी, म्हणजे रोटीबेटीचा व्यवहार आपसांत ठेवणारा समूह, होती. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतविषयक ग्रंथात अशा समूहांची नोंद जातींच्या ओळीतच येते, आणि सरकी काढण्याच्या गिरण्यांनी बहन्यांचा धंदा बुडाल्याचेही त्यात नमूद आहे. पिंजाऱ्याची जवळीक शेजारच्या हिंदू तेल्याशी अधिक की परगावच्या श्रीमंत मुसलमान बोहऱ्याशी, हा प्रश्न त्या काळी विचारला असता तर उत्तर सोपे नव्हते.

या विविधतेला एकाच नावाखाली आणण्याचे काम मुख्यतः जनगणनेने आणि कायद्याने केले. एकोणिसाव्या शतकातील जनगणनेच्या तक्त्यांत धर्माचा रकाना स्वतंत्र झाला, पुढे विभक्त मतदारसंघांनी त्या रकान्याला राजकीय वजन दिले, आणि 1937 च्या शरियत कायद्याने, शेतजमीन वगळता, वारसा आणि विवाह यांतील स्थानिक रूढींऐवजी इस्लामी धर्मशास्त्राचा नियम लागू केला. बिरादऱ्या मात्र नाहीशा झाल्या नाहीत. मंडल आयोगानंतर इतर मागासवर्गांच्या याद्या तयार झाल्या तेव्हा मध्य प्रदेशच्या यादीत पिंजारा, नद्दाफ, बेहना, धुनिया, मन्सूरी ही नावे पुन्हा अवतरली. धंदा गेला होता, तरी त्याचे नाव हक्काचा आधार बनले.

देवगडच्या घराण्यासारख्या आदिवासी वंशाच्या मुसलमानांबाबत कायद्याची भूमिका आणखी वेगळी आहे. उदाहरणार्थ, खानदेशातील तडवी भिल्ल इस्लाम मानतात आणि तरीही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत तडवींचे नाव आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने दलितांना धर्माची अट घातली, त्यामुळे मुसलमान दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले; त्याच वर्षीच्या अनुसूचित जमाती आदेशात अशी कोणतीही अट नाही.