कुलपाबाहेर राहिलेल्या गाड्या

रात्री गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीचा अलार्म वाजू लागला, तर आपण काय करतो? बहुतेक जण कूस बदलून पुन्हा झोपतात. बॉनेटवर मांजर चढले असेल, मालक उठून बंद करील, असे आपण धरून चालतो. ज्यांनी उठावे म्हणून अलार्म वाजतो ती माणसे उठत नाहीत, ही या यंत्राची मूळ अडचण आहे. १९९७ साली अमेरिकेत विम्याच्या दाव्यांचा एक अभ्यास झाला. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीचे नुकसान एकंदरीत कमी झालेले त्यात आढळले नाही.

मोटारचोरीला खरा आळा घातला तो अजिबात आवाज न करणाऱ्या एका उपकरणाने. त्याचे नाव इमोबिलायझर. ते शेजाऱ्यांना हाक मारत नाही. चावीची ओळख पटेपर्यंत इंजिन सुरूच होऊ देत नाही. या उपकरणामागचे विज्ञान सोपे आणि वर्गात शिकवण्याजोगे आहे. पण त्याच्या इतिहासात आणखी एक प्रश्न पहिल्यापासून दडलेला आहे. कुलूप काही गाड्यांनाच मिळाले, तर उरलेल्यांचे काय होते?

मोटारचोरी मोटारीइतकीच जुनी म्हणावी लागेल. अमेरिकेत १९१९ सालीच चोरीची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा केंद्रीय कायद्याखालील गुन्हा ठरला होता. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट वाचले. मालकाचे वाचले तसे चोराचेही वाचले. पुढे स्टार्टर चावीने फिरू लागला. तरी चावी म्हणजे अखेर एक विजेचा स्विचच होता. स्विचला वळसा घालून तारा परस्पर जोडल्या की गाडी सुरू होई.

यावर पहिला मोठा उपाय यांत्रिक होता. चावी काढली की पोलादी खिट्टी स्टिअरिंगच्या दांड्यात अडकते आणि चाक वळत नाही. आपल्या स्कूटरचे हँडल लॉक याच तत्त्वावर चालते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पश्चिम जर्मनीने हे कुलूप नव्या-जुन्या सर्व मोटारींना सक्तीचे केले. चोऱ्या एकदम घटल्या आणि पुढे कित्येक वर्षे कमीच राहिल्या.

ब्रिटनमध्ये १९७१ पासून तेच कुलूप आले, पण फक्त नव्या गाड्यांना. तिथल्या गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ साली लंडनची आकडेवारी प्रसिद्ध केली. १९६९ साली चोरीच्या वाहनांत नव्या गाड्यांचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. १९७३ पर्यंत तो एक विसांशावर आला. कुलपाने आपले काम चोख केले होते. मात्र एकूण चोऱ्या घटल्या नाहीत. चोर नवी गाडी सोडून शेजारच्या जुन्या गाडीकडे वळला होता. कुलूप तेच आणि त्याचे पोलादही तेच असताना निकाल वेगवेगळे लागले, कारण एका देशात ते सर्वांना मिळाले आणि दुसऱ्यात काहींनाच.

पुढचा टप्पा विजेचा. १९८६ च्या शेवरोले कॉर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सने चावीच्या पात्यात एक छोटा रोधक बसवला. चावी घातली की गाडी त्याचा रोध मोजी आणि अपेक्षित ओहम भरले तरच इंजिन सुरू होऊ देई. कल्पना छान होती, पण रोधाच्या किमती होत्या अवघ्या पंधरा. पंधरा चाव्यांचा जुडगा जवळ असला की काम भागे.

खरा इमोबिलायझर १९९० नंतरच्या दशकात आला. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तारेचे बारीक वेटोळे आणि एक चिप असते. तिच्यासाठी बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून गाडी प्रत्यावर्ती प्रवाह सोडते (सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तने), आणि फॅरेडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने चावीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. चिप जागी होऊन आपला क्रमांक सांगते. क्रमांक पटला तरच इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी देतो. तारा कितीही जोडल्या तरी उपयोग होत नाही. नाक्यावरच्या चावीवाल्याने हुबेहूब पाते कापून दिले तरी अशी गाडी सुरू होत नाही, ती याचमुळे.

पण ठरावीक क्रमांक कोणी चोरून ऐकला तर? म्हणून पुढच्या पिढीत प्रश्नोत्तराची पद्धत आली. गाडी दर वेळी नवी संख्या विचारते. चावी गुप्त नियमाने तिचे उत्तर काढते. गुप्त नियम स्वतः कधीच हवेतून जात नाही.

हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. एका विद्यार्थ्याला 'गाडी' आणि दुसऱ्याला 'चावी' करा. दोघांच्या कानात नियम सांगा: संख्येला ७ ने गुणा, ४ मिळवा, फक्त एकक स्थानचा अंक बोला. गाडी म्हणते ३, चावी म्हणते ५. गाडी म्हणते ४, चावी म्हणते २. बाकीचा वर्ग म्हणजे चोर! नियमाचा साचा ठाऊक असेल, तर दोन-तीन जोड्या ऐकून हुशार मुले ७ आणि ४ हे आकडे शोधून काढतात, कारण एकूण शक्यता फक्त शंभर आहेत. गुपित टिकायचे तर शक्यता अफाट हव्यात, हे मग सांगावे लागत नाही.

अफाट म्हणजे किती? एका प्रचलित चिपमध्ये ४० बिटांचे गुपित होते. २ चा ४० वा घात म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. ही संख्या १९९० च्या दशकात प्रचंड वाटली. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी सोळा खास चिपांची जुळणी करून हे गुपित काही तासांच्या आत शोधून दाखवले. संगणक वेगवान होतात, चावी मात्र गाडीबरोबर म्हातारी होते.

एवढे असूनही उपकरणाचा परिणाम मोठा झाला. युरोपीय समुदायाने १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. व्हान अवर्स आणि व्होलार्ड या नेदरलंड्समधील अर्थतज्ज्ञांच्या हिशेबानुसार १९९५ ते २००८ या काळात त्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. चोर जुन्या गाड्यांकडे वळले हे त्यांनाही दिसले. ते जमेस धरूनही फायदा खर्चाच्या किमान तिप्पट निघाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला सुमारे सहा लाख वाहने चोरीला जात. २०१२-१३ मध्ये हा आकडा एक लाखाच्या आत आला.

कॅनडातील विनिपेग शहर मोटारचोरीसाठी कुप्रसिद्ध होते. तिथे जुन्या गाड्यांचाच विचार आधी झाला. मॅनिटोबा प्रांताच्या सरकारी विमा संस्थेने चोरांच्या आवडत्या गाड्यांची यादी केली आणि त्यांना इमोबिलायझर फुकट बसवून दिले. २००७ पासून अशा गाड्यांना तो सक्तीचाच झाला. २००४ ते २०११ या काळात तिथल्या चोऱ्या तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्या. पश्चिम जर्मनीचा जुना धडा तिथे पुन्हा खरा ठरला.

अमेरिकेने मात्र इमोबिलायझरची सक्ती केली नाही. २०१५ च्या मॉडेलांमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो होता. ह्युंदाई आणि किया यांच्या फक्त २६ टक्के गाड्यांत. २०२१-२२ मध्ये या गाड्या पळवण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि अनेक शहरांत चोऱ्यांची लाट आली. कॅनडात २००७ पासून सक्ती असल्याने तिथल्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांत इमोबिलायझर होता. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. तोवर भुर्दंड पडला होता तो स्वस्तातली गाडी घेणाऱ्यांना.

चोरही थांबलेले नाहीत. खिशातली चावी जवळ येताच उघडणाऱ्या गाड्यांमध्ये घरातल्या चावीचा संदेश यंत्राने पुढे पोहोचवून गाडीला फसवता येते. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवले. दहाही फसल्या.

आपल्या जुन्या गाडीसाठी काय घ्यावे, असे कोणी विचारले तर या इतिहासातूनच उत्तर देता येते. नुसत्या आवाजावर पैसे घालू नयेत. स्टिअरिंगला लावायचा, बाहेरून ठळक दिसणारा लोखंडी दांडा आणि जाणत्या कारागिराकडून बसवलेला इमोबिलायझर ही जोडी बरी. मात्र तो इंजिन सुरू होण्यापुरताच अडवणारा असावा. धावत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पाडणारा नसावा, कारण भर रस्त्यात तो जिवावर बेतेल.

पण आपली गाडी वाचली म्हणजे चोरी टळली असे नाही. ती शेजाऱ्याच्या दारात गेलेली असू शकते. ज्याला कुलूप परवडत नाही त्याच्याही गाडीला ते मिळाले, तेव्हाच चोऱ्या खऱ्या अर्थाने घटल्या. विद्यार्थ्यांना प्रवर्तन आणि घातांक शिकवताना हेही सांगितले पाहिजे.