दुसऱ्या टोकाचा गोलंदाज

कोलकात्याच्या गार्डन रीचमधून मी आपल्याशी बोलतो आहे. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, सीमा आणि सेनापती यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय क्रिकेटचा आहे, पण प्रश्न इतिहासाचाच आहे. एखादा गोलंदाज दुर्मिळ पराक्रम करतो, तेव्हा नोंद एकाच माणसाच्या नावावर होते. त्या वेळी मैदानावर असलेल्या बाकीच्यांचं काय होतं?

आधी या जागेविषयी थोडं. गार्डन रीच म्हणजे हुगळीच्या काठचा, गोदी आणि जहाजबांधणीचा भाग. याच भागात जुन्या बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्य कार्यालय होतं, आज तिथे दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. ही कंपनी 1887 मध्ये स्थापन झाली, नागपूर-छत्तीसगड रेल्वे ताब्यात घेऊन पुढे नेण्यासाठी. कोलकात्याच्या या कोपऱ्याशी विदर्भाचं नातं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, ते असं.

क्रिकेटनेही हे नातं जपलं आहे. एकदिवसीय सामन्यात भारतीय गोलंदाजाची पहिली हॅटट्रिक नागपूरला झाली. 31 ऑक्टोबर 1987, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचाही त्रिफळा उडवला. विश्वचषकातली ती पहिलीच हॅटट्रिक. भारताची दुसरी हॅटट्रिक कुठे झाली? कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. जुन्या रेल्वेच्या एका टोकाला पहिली आणि दुसऱ्या टोकाला दुसरी!

ती दुसरी मी प्रत्यक्ष पाहिली. 4 जानेवारी 1991, आशिया चषकाचा अंतिम सामना, समोर श्रीलंका. तेव्हा माझी नेमणूक फोर्ट विल्यमला होती आणि ईडन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ईडनची जमीनही लष्कराचीच, त्यामुळे आम्हा फौजी लोकांना ते मैदान आपल्या अंगणासारखं वाटायचं. कपिल देवने महानामा, रत्नायके आणि जयसूर्या यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं. शेजारी बसलेल्या आमच्या हवालदाराने तिसऱ्या बळीनंतर डोक्यावरची टोपी हवेत उडवली. ती चार ओळी पुढे जाऊन पडली आणि हातोहात परत आली. भारताने सामना 7 गडी राखून जिंकला.

दुसरा प्रसंग 11 मार्च 2001 चा. सुट्टीवर कोलकात्याला आलो होतो आणि पहिल्या दिवसाचं तिकीट मिळालं होतं. स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलियन संघ लागोपाठ 16 कसोटी जिंकून ईडनवर उतरला होता. अनिल कुंबळे खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर, म्हणून वीस वर्षांच्या हरभजन सिंगवर भार. ऑस्ट्रेलिया 4 बाद 252. पॉन्टिंग पायचीत. पुढच्याच चेंडूवर गिलख्रिस्ट पायचीत. त्या निर्णयावर आजही वाद होतो. मग वॉर्न आला. चेंडू बॅटला लागून शॉर्ट लेगकडे गेला आणि सदागोपन रमेशने खाली झेपावून तो उचलला. निर्णय तिसऱ्या पंचांकडे गेला. एरवी एक क्षण गप्प न बसणारं ईडन तेव्हा श्वास धरून बसलं होतं. मग बाद दिल्याचं कळलं आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागेल, इतका कल्लोळ झाला. 7 बाद 252. कसोटीतली भारतीय गोलंदाजाची ती पहिली हॅटट्रिक.

तिसरी 21 सप्टेंबर 2017 ची. तोपर्यंत मी निवृत्त होऊन गार्डन रीचला राहायला आलो होतो. पुन्हा ऑस्ट्रेलिया, पण सामना एकदिवसीय. कुलदीप यादवने वेडचा त्रिफळा उडवला, अॅगरला पायचीत केलं आणि कमिन्सचा झेल यष्टीमागे धोनीने घेतला.

एकाच मैदानावर तीन हॅटट्रिक पाहायला मिळाल्या, हे माझं भाग्य. पण या तिन्हींबद्दल लोक विचारतात ते गोलंदाजाविषयीच. रमेशच्या झेलाविषयी कोणी विचारत नाही. तो झेल सुटला असता तर त्या दिवशी फक्त दोन बळी नोंदले गेले असते आणि पहिल्या हॅटट्रिकसाठी भारताला आणखी थांबावं लागलं असतं. सामन्याचंही तसंच. फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणने 281 आणि द्रविडने 180 धावा केल्या, हरभजनने दुसऱ्या डावात आणखी 6 बळी घेतले आणि भारत 171 धावांनी जिंकला. तो सामना हरलो असतो तर ही हॅटट्रिक एवढ्या अभिमानाने कोणी सांगितली नसती.

फौजेत आम्ही याला कव्हरिंग फायर म्हणतो. एक जवान शत्रूच्या बंकरपर्यंत पोहोचतो, पदक त्याला मिळतं आणि मिळायलाच हवं. पण तो पोहोचेपर्यंत बाजूने मशीनगन चालवून शत्रूचं डोकं खाली ठेवणारे दोघे-तिघे असतात. त्यांची नावं पदकाच्या मजकुरात क्वचित येतात.

क्रिकेटमध्ये ही कव्हरिंग फायर दुसऱ्या टोकाकडून येते. 7 फेब्रुवारी 1999, दिल्लीचं फिरोजशाह कोटला. पाकिस्तानची सलामीची जोडी 101 धावांपर्यंत टिकली, मग कुंबळेने 74 धावांत दहाही बळी घेतले. नऊ झाल्यावर जवागल श्रीनाथ दुसऱ्या टोकाकडून चेंडू स्टंपांपासून दूर टाकत राहिला, कारण त्याला बळी मिळता तर मित्राचा विक्रम हुकला असता. धावफलकावर श्रीनाथपुढे शून्य बळी दिसतात. ते शून्य त्याने समजून उमजून पत्करलं होतं, हे पाहणाऱ्यालाच कळतं.

आता 1956 सालाकडे चला. जुलै महिन्यात मँचेस्टरला इंग्लंडच्या जिम लेकरने ऑस्ट्रेलियाचे एका कसोटीत 19 बळी घेतले, 90 धावांत. दुसऱ्या टोकाकडून टोनी लॉकने 69 षटकं टाकली आणि त्याला एकच बळी मिळाला. 8 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉन लार्सनने ‘परफेक्ट गेम’ टाकला. आपल्या भाषेत सांगायचं तर समोरचे 27 च्या 27 फलंदाज बाद आणि एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोहोचला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा सामना तो एकच. पण त्या 27 पैकी स्ट्राइकआउट होते फक्त 7. उरलेले 20 जण बाद करताना बाकीच्या क्षेत्ररक्षकांना चेंडू पकडावा किंवा फेकावा लागला.

त्याच 1956-57 च्या हंगामात आपल्याकडेही दोन गोष्टी घडल्या. आसामातल्या जोरहाटला बंगालच्या प्रेमांग्शु चॅटर्जी यांनी 20 धावांत दहा बळी घेतले. रणजी करंडकातली ती आजही सर्वोत्तम कामगिरी आहे. आणि पुण्याजवळ खडकवासल्याला वसंत रांजणे हा तरुण महाराष्ट्राकडून सौराष्ट्राविरुद्ध पहिलाच रणजी सामना खेळत होता. त्याने 35 धावांत 9 बळी घेतले, त्यात एक हॅटट्रिक! एनडीएमुळे खडकवासला हे नाव प्रत्येक फौजी माणसाच्या ओळखीचं. पण तिथे असा पराक्रम घडला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

दोन वर्षांनी, डिसेंबर 1958 मध्ये, रांजणे यांनी कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केलं. त्या डावात आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी 102 धावांत 9 बळी घेतले. उरलेला एक बळी, लान्स गिब्जचा, रांजणे यांनी घेतला. नऊ बळी म्हणजे काय हे स्वतः अनुभवलेला माणूस त्या दिवशी दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने आपलं काम केलं, कारण समोरचा संघ बाद करणं हे पहिलं कर्तव्य. श्रीनाथच्या वेळी भारत जिंकायच्या वाटेवर होता, पाकिस्तानला 420 धावा हव्या होत्या. कानपूरचा तो पहिला डाव होता आणि ती कसोटी भारत 203 धावांनी हरला. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या टोकाचा गोलंदाज परिस्थितीनुसार वागला, आणि माझ्या मते दोघेही बरोबर होते.

खडकवासल्याच्या त्या सामन्याला ना टीव्ही होता, ना लाखभर प्रेक्षक. आकडे राहिले. हॅटट्रिकच्या वेळी स्लिपमध्ये कोण होतं, दुसऱ्या टोकाकडून दाब कोणी ठेवला, कप्तान काय म्हणाला, हे ज्यांनी पाहिलं ते आज असतील तर ऐंशीच्या पुढचे. फौजेत लढाईच्या दिवसांत वॉर डायरी त्या त्या दिवशीच लिहितात. आठवडाभर थांबलं की सगळं श्रेय आपोआप एकाच्या नावावर जमा होतं.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. आपण मराठी माणसं नागपूरला असा, बेळगावला, इंदूरला, बडोद्याला किंवा इथे कोलकात्याला. आपल्या घरात, आळीत असा एखादा जुना प्रेक्षक किंवा खेळाडू असेल तर या रविवारी त्याच्याजवळ बसा. बळी कोणी घेतले हे धावफलकात सापडेल. त्याला एवढंच विचारा, “तेव्हा दुसऱ्या टोकाकडून कोण टाकत होतं?” तो सांगेल ते त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवा.