पाहणाऱ्याची नोंद

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते. माझ्या लहानपणी बैलांच्या बाजारापलीकडे तेथे सिनेमाचा तंबू लागे. दारावर पैसे द्यावेत, तिकिटाचा फाटका तुकडा घ्यावा आणि आत जाऊन मातीवर बसावे. आत कोण बसले, काय पाहून हसले, कोणत्या प्रसंगी डोळे पुसले, याची नोंद कोणी करीत नसे. गावातले एखादे काका ओळखीत, घरी सांगत, आणि पाठीत दोन धपाटे बसत. पण ती आठवण काकांबरोबरच विरून जाई.

पाहणे आणि पाहिल्याची नोंद होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र कशा आल्या, आणि त्यांना पुन्हा वेगळे करण्याचे कोणते प्रयत्न झाले, त्याची ही थोडक्यात हकीकत. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. दहावीपलीकडे माझे शिक्षण नाही. मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा उद्योग. परंतु या हकिकतीत माझ्या हातूनही एक चूक घडली आहे. ती पुढे सांगेन.

वडिलांच्या पेटीत रेडिओच्या परवान्याचे एक जुने पुस्तक आहे. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागे, आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. १९८० च्या दशकात ती पद्धत संपली. त्या पुस्तकावरून सरकारला एवढेच कळे, की अमुक घरी रेडिओ आहे. त्यावर मुंबई लागते की सिलोन, हे पोस्टमास्तरांना कळायला मार्ग नव्हता. लहरी घरात येत. ऐकणाऱ्याचे नाव घेऊन परत जात नसत.

मग व्हीसीआर आला. गणपतीत वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, आणि पहाटेपर्यंत सगळ्या आळीने जागायचे. दुकानदार वहीत लिहून घेई : नाव, कॅसेट, अनामत. पाहणाऱ्याचे नाव आणि पाहिलेल्या चित्रपटाचे नाव प्रथमच एका ओळीत आले, ते त्या वहीत.

अशा वहीचे काय होऊ शकते, ते १९८७ साली अमेरिकेत दिसले. रॉबर्ट बोर्क या न्यायाधीशांचे नाव तेथील सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आले होते. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरी भाड्याने गेलेल्या १४६ चित्रपटांची यादीच छापून टाकली. यादीत लाजण्यासारखे काही नव्हते. तरीही पुढल्याच वर्षी, १९८८ मध्ये, अशा याद्या उघड करण्यास मनाई करणारा कायदा झाला. कायदा करणाऱ्यांना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात!

आता माझी चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. आमच्या पाड्यांवर चार घरांत मिळून एखादा फोन. मी देवळाच्या ओट्यावर सगळ्या इयत्तांची मुले जमवी, आणि माझाच फोन हातोहात फिरे. नववीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, दहा मिनिटं देता का? भूमितीचं बघायचंय." मी दिला. दोन दिवसांनी ओट्यावर मी फोन उघडला, तेव्हा तिचे चुलते शेजारीच बसले होते. पडद्यावर सुचवलेल्या व्हिडिओंची रांग उभी होती : अठराच्या आत लग्न ठरवले तर काय करावे, १०९८ वर मदत कशी मागावी. यातले मी काही शोधले नव्हते. चुलत्यांना वाचता येत होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलगी ओट्यावर आली नाही.

मग १०९८ मीच लावला. लग्न थांबले; पण मुलीला मामाच्या गावी धाडण्यात आले आणि तिची शाळा सुटली. ॲप कोणते, हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्या खात्यातून आपला फोन मुलांच्या हाती देताना, त्यात वही लिहिली जाते याचा मला विसर पडला. दोष माझा.

त्या वहीची जात समजून घ्यायला मी पुढे बरेच वाचले. इंटरनेटवरील व्हिडिओंचे सर्वांत मोठे घर म्हणजे यूट्यूब. ते २००५ साली निघाले, आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरला विकत घेतले. पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत. खर्च निघतो तो मुख्यतः जाहिरातींतून. कोणाला कोणती जाहिरात दाखवावी हे ठरवायचे, तर तो काय पाहतो ते ठाऊक हवे. मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ साली गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या कायद्यात अठराच्या आतील मुलांवर अशी पाळत ठेवण्यास मनाईचे कलम आले.

कायदा सावकाश चालतो. तोवर काही हौशी कारागिरांनी त्याच घराला निराळी दारे बांधली. इंग्रजीत त्यांना 'फ्रंट-एंड' म्हणतात. व्हिडिओ तेच, दाखवणारी चौकट दुसऱ्याची. २०१५ साली अँड्रॉइड फोनसाठी न्यूपाइप निघाले. २०१८ साली इन्व्हिडियस आले, आणि संगणकासाठी फ्रीट्यूब. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती येत नाहीत, आणि काय पाहिले याची यादी गूगलच्या खात्यात साठत नाही.

मात्र यातले एक दार निवडताना विचारायचा खरा प्रश्न असा : मध्ये कोण उभा आहे? न्यूपाइपमध्ये कोणी नाही. आपला फोन थेट गूगलच्या सर्व्हरशी बोलतो. खात्याचे नाव कळत नाही, पण कोणत्या जोडणीवरून मागणी आली तो पत्ता तेथे दिसतो. इन्व्हिडियस हे एक संकेतस्थळ नव्हे; निरनिराळे स्वयंसेवक ते आपापल्या सर्व्हरवर चालवतात. व्हिडिओही त्यांच्यामार्फत मागवण्याची सोय चालू केली, तर गूगलला त्यांचा पत्ता दिसतो. पण तुमचा पत्ता त्या स्वयंसेवकाला दिसतो! विश्वास नाहीसा होत नाही. त्याचा धनी बदलतो.

मुरबाडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे आमच्या तालुक्यातील सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणणारा त्यांचा आझाद दस्ता त्या डोंगरांच्या आश्रयाला होता. खबर लागल्यावाचून पोलीस तेथे पोहोचते ना. त्या बलिदानाची तुलना फोनशी करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. पण रान कितीही दाट असो, वाट जाणणारा कोणी एक असतोच. तो कोण, हे आधी पारखावे, एवढे त्यातून घेता येते.

आणखी दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. ही दारे मालकाला मान्य नाहीत. जून २०२३ मध्ये यूट्यूबने इन्व्हिडियसला सात दिवसांत बंद करा असे पत्र धाडले. कर्त्यांनी ते मानले नाही. पुढे २०२४ पासून त्यांच्या सर्व्हरांची वाट वारंवार अडवली गेली आणि कित्येक बंद पडले. म्हणजे आज उघडे असलेले दार उद्या उघडेल याची हमी नाही. दुसरी गोष्ट, जाहिरात गेली की व्हिडिओ करणाऱ्याचा वाटाही जातो. एखाद्या कीर्तनकाराची चूल त्यावर चालत असेल, तर त्याला वेगळी बिदागी पोहोचवणे हे आपले कर्तव्य.

२०२३ साली ती मुलगी माझ्याकडे आली. अठरा पूर्ण झाली होती. बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरायचा होता. अर्ज भरून झाल्यावर तिने पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि विचारले, "सर, मी यात काय बघते ते कुणाला दिसतं का गं... म्हणजे, दिसतं का?" घाईत 'गं' निघाले म्हणून ती लाजली.

"दिसतं," मी म्हणालो. "कुणाला दिसावं, ते थोडंफार आपल्या हातात आहे."

मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो, आणि वर लिहिले ते सगळे मी तिला एकेक करून दाखवले. कोणते दार घ्यायचे ते तिने ठरवले. मी विचारले नाही.